दिव्याची जबानी

घरातला दिवा लुकलुकू लागला की प्रथम दिव्यावरच आळ घ्यायचा, ही रीत आपल्याकडे पुरती रूढ झालेली आहे. चौकातल्या दुकानातून नवा बल्ब आणावा, जुना उतरवून त्याच्या जागी तो बसवावा, आणि चार दिवसांनी नव्याचीही तीच गत झाली म्हणजे हल्लीच्या मालाला सत्त्वच राहिले नाही असा निकाल देऊन प्रकरण दप्तरी दाखल करावे, इतक्यावर बहुतेक घरांतील चौकशी आटोपते. मला हा निकाल मुळातच अन्यायाचा वाटतो. ज्या तारेतून, ज्या बटणातून, ज्या स्क्रूखालून वीज दिव्यापर्यंत येते त्या साऱ्या वाटेवर कोठेतरी काही बिनसले आहे, हे आपल्याला सांगू शकणारा घरातला एकमेव साक्षीदार म्हणजे तो दिवा. पंखा आपल्या गतीच्या जोरावर क्षणभराची खोट पचवून टाकतो, फ्रीज मुकाट्याने सोसतो, गीझर तर काही घडले आहे याची खूणही दाखवीत नाही. आणि जो बोलतो त्यालाच आपण पहिल्याने घराबाहेर काढतो.

निगडीत राहणाऱ्या माणसाने तरी ह्या साक्षीदाराची कदर करावी, असे म्हणण्यास मला कारण आहे. ह्या मुलखाची सारी वाढ विजेच्या आधाराने झालेली आहे. येथून मुंबईच्या जुन्या रस्त्याला लागले की फार वेळ न जाता लोणावळा येते. तेथल्या तलावांत साठवलेले सह्याद्रीचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांच्या कंपनीने १९१५ साली वीज निर्माण केली, तेव्हा ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली आणि घाटमाथ्याच्या अलीकडच्या ह्या माळरानावर कंदिलाचेच राज्य राहिले. पुढे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात राज्य वीज मंडळ अस्तित्वात आले. १९६२ साली कोयनेची वीज वाहू लागली आणि त्याच साली औद्योगिक विकास महामंडळही उभे राहिले. ह्या तारखा इतक्या जवळजवळ आहेत, की एकीवाचून दुसरीचा अर्थ लागत नाही. आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे कारखान्यांची रांग लागली, त्यांत खपणाऱ्या हजारो हातांना निवारा हवा म्हणून १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, आणि ज्या माळावर पूर्वी गुरे चरत होती तेथे सेक्टरांचे नकाशे, भूखंडांचे करारनामे आणि रस्त्यांच्या आखणीचे खुंट आले. ज्या गावाचे असणेच विजेवर उभे आहे, त्या गावातील घरांच्या भिंतींत ती वीज कशी नांदते आहे, याविषयी मात्र आपण फारच बेफिकीर आहोत.

त्या काळच्या घरांतील तारांची व्यवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल, की भिंतीवरून सागवानी पट्ट्या ओळीने धावत असत, त्यांवर टिनच्या चिमुकल्या क्लिपांनी तार घट्ट धरून ठेवलेली असे, लाकडी फळ्यावर काळी गोल बटणे असत, आणि दाराजवळ चिनीमातीच्या कटआउटमध्ये फ्यूजची बारीक तार घातलेली असे. दृष्टीला ते सारे ओबडधोबड दिसे. परंतु तार कोठून निघाली आणि कोठे गेली हे लहान मुलालाही बोटाने दाखविता येई. पुढे भिंत सुबक दिसावी म्हणून तारा प्लास्टिकच्या नळ्यांतून गिलाव्याच्या आत गेल्या, त्यांवर रंगाचे हात चढले, आणि घराचा नकाशा ज्याने त्या तारा ओढल्या त्याच्या डोक्यात तेवढा शिल्लक राहिला. तो कारागीर एकदा दुसऱ्या गावी कामाला गेला म्हणजे त्या भिंतीत काय आहे हे सांगणारे कोणी उरत नाही. नळाचे, भिंतीचे, जमिनीचे कागद आपण लोखंडी कपाटात जपून ठेवतो, पण कोणत्या खोलीला कोणत्या फेजवरून वीज दिली आहे याचे साधे टिपण मी अद्यापि फार थोड्या घरांत पाहिले आहे.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. ही घरे ज्या बेताने बांधली गेली त्या बेतात ती राहिली नाहीत. निगडीच्या ओटा स्कीममध्ये ओट्यावर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे आपले घर उभे केले. पुढे मुलगा मिळवता झाला तशी वर एक खोली चढली, लग्न झाले तशी दुसरी चढली, भाडेकरू ठेवायचा म्हणून तिसरी चढली. प्राधिकरणातील आमच्यासारख्यांच्या घरांचीही कथा वेगळी नाही. इमला वाढत गेला आणि तार मात्र तीच राहिली. दोन बल्ब, एक पंखा आणि एक रेडिओ यांच्यासाठी ओढलेल्या तारेवर फ्रीज आला, मिक्सर आला, धुलाईचे यंत्र आले, पाण्याची मोटर आली, आणि शेवटी दोन हजार वॅटचा गीझर आला, जो एकटाच नऊ अँपिअरच्या घरात वीज ओढतो. शिवाय साठ-सत्तरच्या दशकांत तांबे बव्हंशी परदेशातून आणावे लागे आणि परकीय चलनाची तर टंचाई, म्हणून घरोघर अ‍ॅल्युमिनियमची तार वापरली गेली. तो त्या काळचा नाइलाज होता आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. परंतु त्या नाइलाजाचे परिणाम आजही कित्येक घरांच्या फळ्यांमागे शिल्लक आहेत, आणि त्यांतला एक आमच्या घरी निघाला.

आषाढ लागला होता. देहूची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुढे गेली होती, आणि त्या आठवड्यात पावसाने दिवसाचाच अंधार करून टाकल्यामुळे सकाळीही दिवे लावावे लागत होते. आमच्या देवघरात पूर्वीपासून तंतूचा लहानसा बल्ब आहे. त्याचा पिवळसर उजेड मूर्तीवर बरा दिसतो म्हणून मी तो बदललेला नाही. तो सकाळच्या वेळी मंदावे, मध्येच थरथरे, पुन्हा सावरे. पावसाळ्यात दाब कमी येतो, असे एकाने सांगितले. खांबावर काहीतरी झाले असेल, असे दुसऱ्याने सांगितले. आमचे शेजारी एका कारखान्याच्या देखभाल विभागातून फोरमन म्हणून निवृत्त झाले आहेत. ते संध्याकाळी सहज आले असता त्यांच्या कानावर ही गोष्ट घातली, तेव्हा त्यांनी बल्बकडे पाहिलेसुद्धा नाही. खुर्चीवर टेकत त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"सर, हा मंद होतो तेव्हा वरच्या मजल्यावरचा दिवा काय करतो?"

ह्याचे उत्तर घरात कोणाजवळ नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला देवघरापाशी उभे केले, सूनबाईंना वरच्या खोलीत मुलाच्या टेबलावरच्या जुन्या दिव्याजवळ बसविले, आणि वरच्या न्हाणीघरातला गीझर लावायला सांगितले. देवघरातला बल्ब मलूल झाला, आणि त्याच क्षणी जिन्यावरून आवाज आला, "बाबा, इथला उजेड तर वाढला!"

फोरमनसाहेबांचा चेहरा गंभीर झाला. एक दिवा मंदावतो आणि त्याच वेळी दुसरा प्रखर होतो, ह्या दोन जबान्यांची रुजवात घातली म्हणजे संशयाला जागा राहत नाही, असे ते म्हणाले. वीज कमी आली असती तर दोन्ही दिवे सारखेच मंदावले असते. आमच्या घराला वरचा मजला चढविल्यापासून थ्री फेज जोडणी आहे. तीन फेजांतून येणारी वीज घरभर काम करून परत जाते ती एका सामाईक न्यूट्रलच्या तारेने, आणि ती तार जोवर घट्ट आहे तोवर प्रत्येक खोलीला आपल्या वाट्याचे २३० व्होल्ट मिळतात. तिचा सांधा सैल झाला की हा हिशेब बिघडतो: ज्या फेजवर भार अधिक तिचा दाब खाली येतो, आणि जिच्यावर भार कमी तिचा वर चढतो. त्यांनी आपला मीटर आणून मेन स्विचच्या फळ्यावर मोजले, तेव्हा गीझर चालू असताना एका फेजवर १९० च्या आसपास व्होल्ट आले आणि उरलेल्या दोहोंवर अडीचशेच्या पुढे. न्यूट्रल पूर्णपणे तुटला तर हलक्या भाराच्या खोलीतील उपकरणांवर २३० च्या जागी ४०० च्या जवळपास दाब येऊ शकतो, आणि एका क्षणात दूरदर्शन संच, फ्रीज, पंखे, जे काही त्या फेजवर असेल ते सारे जळून जाते. आमच्या घरात ते उद्या घडले असते की महिन्याने, हे कोणी सांगू शकत नव्हते.

ह्या तपासात एक गोष्ट माझ्या मनावर विशेष ठसली. घरातील इतर बहुतेक दिवे एलईडीचे आहेत, आणि त्यांच्या पोटातील सर्किट दाबातील चढउतार आपला आपण सावरून घेते, म्हणून ते महिनाभर शांतपणे प्रकाश देत राहिले. जो एक जुना दिवा मी केवळ त्याच्या रंगाच्या लोभाने ठेवला होता, त्यानेच खरी खबर दिली. नव्या उपकरणांचा हा गुण निःसंशय मोठा आहे, वीज वाचते आणि डोळ्यांना त्रास होत नाही. पण घरातील बिघाड आपल्यापासून झाकून ठेवण्याचे कामही ती तितक्याच सफाईने करतात, ही गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मीटरपर्यंतची हद्द वीज कंपनीची आणि मीटरच्या पुढची घरमालकाची, अशी विजेच्या कारभारात वाटणी आहे. शेजारच्या दोन घरांत विचारपूस केली, तेथे सारे ठीक होते. मीटरवर येणारा दाबही तिन्ही फेजांवर समान निघाला. तेव्हा दोष आमच्याच हद्दीत ठरला. परवानाधारक वायरमनला बोलावले, त्याने मेन बंद केला, कटआउट काढून आपल्या खिशात घातले, की कोणी न कळत लावू नये, आणि मग फळा उघडला. न्यूट्रल लिंकच्या पितळी स्क्रूखाली अ‍ॅल्युमिनियमची जुनी तार होती. तिचे टोक काळे पडले होते, त्यावरचे आवरण वितळून कडक झाले होते, लिंकच्या मागच्या लाकडावर रुपयाएवढा करपट डाग होता, आणि स्क्रू नुसत्या बोटाने फिरत होता.

तो सैल का झाला, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात कोणाचा हलगर्जीपणा असलाच पाहिजे असे नाही. अ‍ॅल्युमिनियम तांब्याहून मऊ. स्क्रूच्या दाबाखाली ते वर्षानुवर्षे हळूहळू पसरते आणि पकड ढिली होते. उष्णतेने ते पितळेपेक्षा अधिक प्रसरण पावते, म्हणून दररोज गीझर लागला की तार फुगते, बंद झाला की आक्रसते, आणि प्रत्येक वेळी सांध्यात केसभर अवकाश वाढतो. हवेचा स्पर्श होताच त्याच्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ पापुद्रा धरतो, जो विजेला अडवितो. आणि दोन निराळ्या धातूंच्या मध्ये पावसाळ्याचे दमट हवामान शिरले की गंज आपले काम सुरू करतो. एवढ्याने सांध्यातील विरोध वाढतो. तो वाढून समजा अवघा एक ओहम झाला, तर गीझरच्या नऊ अँपिअरांच्या आतल्या प्रवाहानेही तेथे सुमारे पंचाहत्तर वॅट उष्णता निर्माण होते. पाऊणशे वॅटच्या जुन्या बल्बला हाताचा चटका बसतो तो आपल्याला ठाऊक आहे, आणि तितकी उष्णता येथे एका स्क्रूच्या टोकाशी, लाकडाला आणि प्लास्टिकला चिकटून, कोणी न पाहता साचत असते. उष्णतेने सांधा आणखी बिघडतो, बिघडल्याने उष्णता आणखी वाढते, आणि हे चक्र आपणहून थांबत नाही.

येथे वाचक विचारील, की मग एमसीबी कशासाठी बसविली? ह्या एका गैरसमजापायी पुष्कळ घरे निर्धास्त झोपतात, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. फ्यूज काय किंवा एमसीबी काय, तिला कळतो तो ठरावीक मर्यादेपलीकडचा प्रवाह. दोन तारा एकमेकींना भिडल्या, किंवा तारेवर भलताच भार पडला, तर ती तत्काळ खाली पडते आणि घर वाचते. परंतु सैल सांध्यातून प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी नऊ अँपिअर म्हणजे पूर्ण कायदेशीर व्यवहार. माणसाला धक्का बसू नये म्हणून तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावतात, तो प्रत्येक घरात असलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. पण त्याला कळते ती जमिनीकडे पळणारी वीज, आणि सैल सांध्यातील वीज आपल्या मार्गानेच जात असते. त्यामुळे ह्या एका दोषाची वर्दी देण्याचे काम ह्यांपैकी कोणीच करीत नाही. ते दिव्यावर येऊन पडते.

दिव्याची भाषा समजून घेणे फारसे कठीण नाही. एकच दिवा लुकलुकत असेल तर होल्डरमधील स्प्रिंग, त्याचे बटण किंवा तो दिवाच पाहावा. बटण दाबताना आत चरचर आवाज येत असेल किंवा ते हाताला कोमट लागत असेल तर ते त्याच दिवशी बदलावे. एका खोलीतले सारे दिवे एकदम थरथरत असतील तर दोष त्या खोलीच्या फळ्यावर किंवा तेथपर्यंतच्या सांध्यात असतो, साऱ्या घरातले थरथरत असतील तर मेनपाशी किंवा मीटरपाशी, आणि आळीतल्या सर्वांचे थरथरत असतील तर डीपीवर किंवा खांबावर, जेथे आपण काही एक न करता महावितरणकडे तक्रार नोंदवावी. जुनी ट्यूब दोन्ही टोकांना लाल होऊन पेटायला रेंगाळत असेल तर बहुधा स्टार्टरची मुदत संपलेली असते. बटण बंद असूनही एलईडी अंधारात मिणमिणत राहिला तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घातलेले असण्याचा संभव आहे, आणि तसे असेल तर दिवा बंद दिसत असतानाही होल्डरमध्ये जिवंत वीज उभी असते. कधी बटणातल्या लहान लाल दिव्यामुळेही असे होते, पण खात्री करून घ्यावी. प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटू लागला तर न्यूट्रल तुटला असे समजावे. टेस्टर फेज दाखवितो, परतीची वाट शाबूत आहे की नाही हे त्याला दाखविता येत नाही, म्हणून जुने वायरमन नेहमी एक टेस्ट लॅम्प जवळ बाळगीत, आणि टेस्टरवर विसंबून तारेला हात लावणारास ते आपल्या हाताखाली ठेवीत नसत.

वृत्तपत्रांत आगीच्या बातमीखाली "शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज" हे वाक्य इतक्या वेळा छापून येते, की ते वाचून आता कोणी थबकत नाही. विजेचा दोष म्हणजे जणू अवर्षण किंवा भूकंप यांसारखी आसमानी आपत्ती, तिला उपाय नाही, तिचा कोणी जबाबदार नाही, असा अर्थ त्या वाक्याला येऊन चिकटला आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून १० बालके दगावली. चौकशीत आगीचे मूळ विजेवर चालणाऱ्या उपकरणातील ठिणगीपर्यंत जाऊन पोचले. ज्या आयांनी आपल्या लेकराचे तोंडही पुरते पाहिले नव्हते त्यांच्या दुःखापुढे शब्द उच्चारण्याचे धाडस मी करणार नाही. विजेच्या धक्क्याने आपल्या देशात दरवर्षी १० हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. ह्यांतले बहुतेक मृत्यू कोणाच्याही गावी नसतात; ते घरात, शेतात, मोटारीच्या पेटीपाशी, ओल्या हाताने लावलेल्या बटणापाशी घडतात आणि स्थानिक पानावर दोन ओळींत संपतात.

आणि आता जे सांगायचे ते आमच्या ह्या नगरीविषयी. आमच्या घरचे काम झाल्यावर फोरमनसाहेब चहा घेताना म्हणाले, "सर, कारखान्यात गुरुवारी आमचं हेच काम. सुट्टी असायची, मेन खाली असायचा. एकेक पॅनेल उघडायचं, एकेक बोल्ट पान्यानं तपासायचा, आणि कार्डावर सही करायची. सही राहिली तर साहेब जाब विचारायचे." त्यांच्या त्या बोलण्याने मी पुष्कळ वेळ विचारात पडलो. आकुर्डी-भोसरीपासून चाकणपर्यंतच्या ह्या सबंध पट्ट्यात विजेची शिस्त पाळणारी माणसे जितक्या संख्येने राहतात तितकी महाराष्ट्रात क्वचितच कोठे असतील. मोरवाडीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री आणि तारतंत्री शिकून बाहेर पडलेली मुले येथल्या कारखान्यांत नोकरीला लागतात. तेथे चालू असलेल्या पॅनेलचे छायाचित्र उष्णता दाखविणाऱ्या कॅमेऱ्याने काढून तापलेला सांधा आगाऊ हुडकला जातो, नेमक्या जोराने स्क्रू आवळण्याचे पाने असतात, दुरुस्ती चालू असता स्विचला कुलूप आणि त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावल्यावाचून कोणी तारेजवळ जात नाही. तोच माणूस पाळी संपवून निगडीला घरी येतो, आणि त्याच्या घरात दोन तारांची टोके पिरगळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते, गीझर एक्स्टेन्शन बोर्डावर चालतो, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात शेवटचे पाणी कधी ओतले ते कोणाला आठवत नाही. मालकाच्या यंत्राला जी निगा मिळते ती आपल्या लेकराबाळांच्या घराला मिळू नये, हे मला अत्यंत खेदाचे वाटते. यात अज्ञानाचा भाग नाही, कारण ज्ञान ह्या मुलखात घरोघर आहे. गरिबीचाही भाग थोडाच आहे, कारण सांधे आवळून घेण्यास जो खर्च येतो त्याहून अधिक आपण दिवाळीच्या माळांवर करतो. कारखान्यात जाब विचारणारा असतो आणि घरात नसतो, एवढाच काय तो फरक आहे.

कायद्याची तजवीज नाही असेही म्हणता येणार नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून घरच्या जोडणीविषयी, अर्थिंगविषयी, दाबातील तफावतीविषयी कलमे आहेत. विजेचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे असा दंडक आहे. नवी जोडणी घेताना वायरिंगच्या चाचणीचा दाखला जोडावा लागतो. पण हा दाखला एकदाच लागतो. घर नवे असताना जे कागदावर शाबूत ठरले ते तीस वर्षांनी, वर दोन मजले चढल्यावर, शाबूत आहे की नाही हे विचारायला कोणी येत नाही, आणि मला वाटते, ठरावीक वर्षांनी प्रत्येक जुन्या घराची तपासणी सक्तीची व्हावी अशी मागणी आपण नागरिकांनीच केली पाहिजे. ज्या सहकारी गृहरचना संस्था दर पाच वर्षांनी इमारतीला रंग देण्याचा ठराव बिनविरोध मंजूर करतात, त्यांनी मीटरच्या खोलीतील न्यूट्रल आणि अर्थिंगची तपासणी त्याच ठरावात घातली तर कोणाची हरकत येईल असे मला दिसत नाही.

तोवर जे आपल्या हाती आहे ते करावे. निगडीत विजेच्या देखभालीसाठी गुरुवारी पुरवठा बंद राहतो हे सर्वांस ठाऊक आहे. अशा एखाद्या गुरुवारी, पावसाळा सुरू होण्यापूर्वी, परवाना असलेल्या वायरमनला बोलवावे, मेन बंद करून फळ्यांचे सारे स्क्रू आवळून घ्यावेत, काळे पडलेले टोक कापून टाकावे, आणि मेनपासून पुढची तार जुन्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ती बदलून भाराला पुरेल अशी तांब्याची घालावी: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची, प्लगांना अडीचची, गीझरला चारची. मीटरच्या सीलला स्वतः हात लावू नये. कोणती खोली कोणत्या एमसीबीवर आहे हे फळ्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस घरातल्या सर्वांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे, त्याखाली तपासणीची तारीख घालावी, आणि पुढल्या वर्षीची तारीखही तेथेच आजच लिहून ठेवावी.